नरहरभाऊची घागर

१

माझा धंदा ओरडण्याचा. रिक्षावर दोन भोंगे बांधायचे, मांडीवर बॅटरी घ्यायची आणि शिरपूरपासून साक्रीपर्यंत ज्याचं म्हणाल त्याचं कौतुक करत फिरायचं. बियाणं, बनियन, सर्कस, आमदार, माल कुठलाही असो, आवाज एकच. चौथीत मला तीनदा बसवलं तेव्हा मास्तर म्हणाले होते, वना, तुझं फक्त तोंड पास आहे. ते तोंड मी चाळीस वर्षं वापरलं आणि एवढ्या वर्षांत मला कुणी खोटं पाडलं नाही. माझी हुशारी म्हणू नका. समोरचे तसेच होते.

नव्वद साली रविवारी सकाळी टीव्हीवर एक मालिका लागायची. बाप नसलेलं सहा भावंडांचं घर, आणि सगळ्यांना सांभाळणारा थोरला नरहरभाऊ. कधी आवाज चढवायचा नाही. सगळ्यांच्या शेवटी जेवायला बसायचा. बसताना बाह्या दोनदा दुमडायचा आणि विचारायचा, "सगळ्यांचं झालं का?" मगच पहिला घास. असला माणूस जगात नसतो, म्हणून तर त्याला टीव्हीत ठेवला होता. पण हे आमच्या गल्लीला कोण सांगणार?

गल्ली जमायची कमलबाईच्या घरात. कमलबाई माझी शेजारीण, भिंतीला भिंत. नवरा गेलेला. पोटचा एकच, छगन, खाटेवरून उतरायलाही मुहूर्त बघणारा. नरहरभाऊ दिसला की ती पदराने डोळे पुसायची, मग छगनकडे बघून पुन्हा पुसायची.

पुढे नरहरभाऊचं काम करणारा नट मालिका सोडून गेला. त्याला सिनेमात हिरो व्हायचं होतं. मालिकावाल्यांनी एका रविवारी त्या भावंडांच्या घरात तार आणली. नरहरभाऊ गेले. कुठे, कशाने, काही नाही. प्रेत दाखवायला माणूसच नव्हता. भिंतीवर फोटो, फोटोला हार, संपलं.

त्या दिवशी कमलबाईची चूल पेटली नाही. मला हसू आवरेना. दुपारी मी भोंगा काढला आणि गावभर फिरवला, "कळविण्यास अत्यंत दुःख होते की आपणा सर्वांचे लाडके नरहरभाऊ... द्वारदर्शन आज सायंकाळी पाच वाजता, कमलबाईंच्या ओट्यावर." वाटलं होतं, लोक दगड मारतील. पाच वाजता पांढऱ्या टोप्या घातलेली पन्नास माणसं खाली माना घालून ओट्यावर बसलेली. दहाव्या दिवशी छगनने मुंडण केलं. रीतसर गंधमुक्ती झाली, सुतक फिटलं, जेवण झालं. मीही दोनदा वाढून घेतलं. जन्मात एवढं मोठं हसू आलं नव्हतं. ते वरणाबरोबर गिळलं.

पिंडाला कावळा शिवला. ठेवल्या ठेवल्या शिवला. मी म्हटलं, आमच्या गावचे कावळेही माणसांवरच गेलेत.

२

आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गेलेल्या माणसाच्या नावाने पाण्याची घागर भरतात. तिच्यावर लहान मडकं, मडक्यावर खरबूज आणि आंबा. विस्तवावर तूप-पोळीचा घास टाकून नाव घेतात. आणि बाहेरच्या एखाद्या माणसाला पितर म्हणून पाटावर बसवून पोटभर जेवू घालतात. तो जेवला म्हणजे गेलेला जेवला. थोडक्यात, नटाचंच काम. फक्त पाठांतर नाही आणि आमरस मिळतो.

कमलबाई नरहरभाऊची घागर भरू लागली. पितर म्हणून माझा रिक्षावाला भिकन बसायचा. भिकन दोन माणसांचं जेवतो आणि तिसऱ्याकडे बघतो. पण त्र्याण्णव साली आखाजी आठ दिवसांवर आली असताना म्हणाला, "औंदा मी नही बठाव, नाना."

"का रे? दात पडले?"

"मांगला साल मी जेवी ऱ्हायंतू तवय मन्हा मांगे कोनतरी उभं व्हतं. मी कव्हय उठस आनि त्याले कव्हय जागा भेटस, आसं."

"तुझी बायको असेल. तू कधी उठतोस आणि तिच्यासाठी काही ठेवतोस का ते बघत."

भिकन हसला नाही. भिकन आंघोळीच्या पाण्यालासुद्धा हसतो. मी म्हटलं, उन्हाचा परिणाम. आमच्याकडे एप्रिलात शहाण्या माणसाला चक्कर येते. भिकनला विचार आला असेल.

३

त्याच आठवड्यात धुळ्याला नाटक आलं. ठेकेदार जळगावचा बन्सीलाल, आणि नाटकातला हिरो कोण, तर तोच, नरहरभाऊ सोडून गेलेला. उदय राजे. सिनेमा पडला, दुसरा निघालाच नाही, आणि आता साहेब दारूची बाटली घेऊन दोन बायकांच्या मागे धावायचं काम करत गावोगाव फिरत होते. नाटकाचं नाव सांगत नाही. मी ते तीन दिवस भोंग्यावर ओरडलो, तेवढी लाज पुरे.

पहिल्या प्रयोगाला मी मागे उभा होतो. उदय राजे झोकांड्या खात आला. मला वाटलं, आता शिट्ट्या होतील, टोमणे होतील. काही नाही. पुढच्या रांगेतला एक म्हातारा उभा राहिला आणि त्याने टोपी काढली. मग मागचा. मग सगळं नाट्यगृह उभं राहिलं, बायकांनी पदर डोक्यावर घेतले, आणि समोरून तिरडी जावी तसे सगळे खाली बघत उभे राहिले. तो बिचारा बाटली हलवत विनोद करतोय. एक हसेल तर शपथ. फक्त वर पंख्याची घरघर.

सकाळी मी त्याला लोटगाडीवर चहाला नेलं. चहावाल्याने मला हातात कप दिला. त्याचा कप जमिनीवर ठेवला, दोन पावलं मागे सरकला आणि हात जोडले.

"हे काय आहे?" उदय राजे माझ्यावर ओरडला. "तीन आठवडे हेच चाललंय. कोणी हाक मारत नाही, कोणी जेवलात का विचारत नाही. रस्त्याने निघालो की लोक बाजूला होतात."

"प्रेम आहे लोकांचं."

"प्रेम? परवा एका बाईने माझ्यासमोर तुळशीपत्र ठेवलं!"

मी मनात म्हटलं, गाढवांना टीव्ही आणि खरं यांतला फरक कळत नाही. तरी एक गोष्ट खटकली. चहावाल्याचं कुत्रं, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पायात लुडबुडणारं, त्याच्या कपापाशी आलं, चहा हुंगला, प्यालं आणि निघून गेलं. उदय राजेकडे त्याने मान वर करून पाहिलंसुद्धा नाही, जणू कप तिथे एकटाच होता.

४

दुपारी लॉजवर बादलीत पाय सोडून तो बसला होता. मी जमिनीवर.

"तुम्ही जाहिरातीत 'नरहरभाऊ फेम' म्हणता ते बंद करा," तो म्हणाला. "माझं नाव घ्या. उदय राजे. एवढंच."

"कुठलं नाव? मी तुमच्या सावद्याच्या बाजारातही वीस वर्षं ओरडतोय. तोतारामचा उखर्डू कोण, ते मला ठाऊक आहे."

त्याने पटकन दाराकडे पाहिलं, कोणी ऐकलं का म्हणून. ज्यांची मुलं जगत नाहीत त्या घरी नवं बाळ उकिरड्यावर ठेवून उचलतात आणि उखर्डू म्हणतात. यमाला वाटावं, केर आहे, कशाला न्या. आता असलं नाव नाटकाच्या पाटीवर कसं शोभेल? पण केराला नाव बदलून घ्यायची हौस असते, हेही मी पाहिलंय.

"ते मी टाकलं," तो म्हणाला. "नरहरभाऊही टाकला. तो सुटत नाही. भोंगेवाले, मी काय करू म्हणजे लोक मला माझ्या नावाने ओळखतील?"

त्याचा आवाज खरा होता. त्याचं सगळं काम खोटं आणि हे एकच खरं. एखाद्याला दया आली असती. मला युक्ती सुचली.

मी त्याला आखाजीचं सांगितलं. "आमच्या गावी तुमच्या नरहरभाऊची घागर असते. पितराच्या पाटावर तुम्ही बसा. चारचौघांत जेवा, ढेकर द्या आणि सांगा, हा नरहरभाऊ जेवला, तृप्त झाला, गेला. आता मी उदय राजे. मी ते भोंग्यावरून तीन तालुक्यांत ओरडतो."

त्याने बादलीतलं पाणी पायाने ढवळलं. मग हसला. "म्हणजे मीच माझ्या हाताने त्याला पोचवायचं."

"शेवटचा अंक."

"येतो," तो म्हणाला.

मला कमलबाईचं तोंड बघायचं होतं, बाकी काही नाही. पितर आणतो म्हणून सांगायचं आणि दारात नरहरभाऊच उभा करायचा! अशी थट्टा पंचक्रोशीत झाली नसती.

५

आखाजीच्या दिवशी बाराच्या सुमारास त्याला घेऊन गल्लीत शिरलो. सोनेरी पट्ट्याचं घड्याळ, सेंटचा वास. कमलबाईच्या दारात गल्ली जमली होती. एकाने टाळी वाजवली नाही, एक किंचाळला नाही. वाट दिली.

पुना आबा, गावातला सगळ्यात म्हातारा, माझ्या दंडाला धरून म्हणाला, "वना, हाऊ तोच शे का?"

"तोच."

"मंग हाऊ कसा बठी? ज्यानी घागर, तोच पाटवर?"

"असं करू नये, असं कुठे लिहिलंय?"

"लिखेल नही," आबा म्हणाला. "आजपावत कोनी गयेल मानूस सोता चालीसन उनाच नही. लिखतीन कशाले?"

मेलेला चालत आला म्हणे! मी खदखदून हसलो. कमलबाई हसली नाही, रडलीही नाही. एवढंच म्हणाली, "चालीसन उना ना? मंग काय उपाशी धाडू?"

आतली खोली लांबट, एकच झरोका. कोपऱ्यात घागर. शेजारी लोखंडी घमेल्यात विस्तव. पाटासमोर ताट, खापरावरची पुरणपोळी, आमरस, कुरडया. कमलबाईच्या सासूपासूनची रीत अशी, की पितर जेवताना घरच्यांनी त्याच्या तोंडाकडे बघायचं नाही. मी, छगन, कमलबाई, आबा, चौघेही भिंतीकडे तोंड करून बसलो. भिंतीला शेणाचा वास. माझे खांदे हसण्याने हलत होते.

कमलबाईने हात मागे नेऊन विस्तवावर घास टाकला. तूप चरचरलं. "नरहरभाऊ, जेवा," ती म्हणाली.

"आलो!" तो नाटकी आवाजात ओरडला.

आता विचार करतो, ओ द्यायला नको होती. नटांना हाक सोसवत नाही.

क्षणभर काही नाही. मग कापड दुमडल्याचा आवाज. एकदा. पुन्हा एकदा. आणि अगदी शांत, खालच्या सुरात, "सगळ्यांचं झालं का?"

माझं हसू थांबलं. मनात म्हटलं, वा, एवढं काम याने नाटकात केलं असतं तर लोक उभे राहिले नसते. कमलबाई भिंतीला म्हणाली, "व्हयनं, भाऊ. तुम्ही जेवा." आणि जेवणं सुरू झालं. घाई नाही, मिटक्या नाहीत. आमरसाच्या वाटीला बोट लागल्याचा बारीक आवाज. मधेच तो म्हणाला, "छगन, बैलाला पाणी दाखवलंस का?"

छगनचं नाव त्याला मी सांगितलं नव्हतं. सांगितलं असेल. रस्त्यात बोलण्यात आलं असेल. मी फार बोलतो.

छगन भिंतीकडे बघून म्हणाला, "दखाडस, भाऊ," आणि त्याच्या आवाजात मी जन्मात पहिल्यांदा आदर ऐकला.

तेवढ्यात दाराची कडी वाजली.

"ओ भोंगेवाले! हा काय चावटपणा? दार उघडा." बाहेरून. ओट्यावरून. उदय राजेचा आवाज, तोच चिडका, तीन दिवस माझं डोकं खाणारा. "मला बाहेर कशाला काढलंत? लोक बघताहेत. उघडा म्हणतो ना!"

आत जेवणं चालू होतं.

मी डोळ्याच्या कोपऱ्यातून दाराकडे पाहिलं. दार उघडंच होतं. सताड. उंबऱ्यावर पांढरं ऊन पडलं होतं आणि उन्हात कोणी नव्हतं. तरी कडी वाजत होती.

"आबा," मी कुजबुजलो, "ऐकू येतंय का?"

"काय?"

"काही नाही."

मग मी मान जराशी पाटाकडे वळवली. हात दिसला. तो ताटातला एक घास बाजूला काढून ठेवत होता, दुसऱ्या कोणासाठी तरी. घड्याळ ताटाशेजारी काढून ठेवलेलं. मनगट सगळीकडून सारखं सावळं. वर्षानुवर्षं पट्टा बांधणाऱ्याच्या मनगटावर फिकी रेघ असते, ती नव्हती. तोंड बघायला मान आणखी चार बोटं वळवावी लागली असती. ती मी वळवली नाही. मला घाबरट म्हणा. तुम्ही तिथे नव्हता.

६

तो उठला, हात धुतले, कमलबाईच्या पाया पडला आणि मला म्हणाला, "नाना, उन्हाचे निघू नका." तीन दिवस मी त्याला नुसता भोंगेवाला होतो.

तो गेलाच नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे गोठा झाडत होता. छगन खाटेवरून उतरून त्याच्या हाताखाली. कमलबाई दहा वर्षांनी तरुण. गावाने एक प्रश्न विचारला नाही. थोरला घरी आला, एवढंच. मीच काय तो मूर्खासारखा म्हणत राहिलो, नट आहे, नाटक टाळतोय, चार दिवसांनी कंटाळेल.

चौथ्या दिवशी बन्सीलाल आला, घामाने निथळत. "राजे कुठाय? जळगावचा प्रयोग बोंबलला माझा!" समोर तो विहिरीवरून पाणी आणत होता. बन्सीलालने त्यालाच विचारलं, "अहो, इकडे उदय राजे आले होते का?"

"कोण ते?" तो म्हणाला. "बसा ना, पाणी घ्या."

बन्सीलालने पाणी घेतलं, त्याच्या तोंडाकडे दोन मिनिटं निरखून पाहिलं आणि बाहेर येऊन मला म्हणाला, "चेहरा मिळतो रे थोडा. पण हा नव्हे. राजेच्या डोळ्यात सारखं असायचं, 'मला ओळखलं का, मला ओळखलं का.' याच्या डोळ्यात तसं काहीच नाही." मग दुसरा नट उभा करून त्याने तेच नाटक पुढे नेलं. एकाही गावात कोणी विचारलं नाही की पहिला कुठे गेला. असले हे प्रेक्षक, आणि असल्यांसाठी तो जीव टाकत होता.

७

आवाज मात्र माझ्याकडे येऊ लागला. रोज दुपारी, गल्ली झोपली की. माझीच कडी.

आधी शिव्या. कोर्टात खेचीन, पेपरात देईन. आठवडाभराने विनवण्या. "नाना, तुम्ही मला आणलंत. एकदा भोंग्यावरून माझं नाव घ्या. एकदाच. मग मी आत येतो, त्याला उठवतो." मी कानात कापूस घालून बघितला. कापसाचं काम उन्हाच्या झळांपुरतं. आवाजाला तो काय करणार? डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, चाळीस वर्षं भोंग्याशेजारी बसल्यावर आणखी काय होणार? मला ते पटलं. पटवून घेतलं.

पावसाळ्यात त्याची बोली मऊ झाली. एका दुपारी म्हणाला, "नाना, माझं नाव राजे ना? राजेच्या आधी काय होतं?" आणखी महिन्याने, "नाना, माझं नाव काय होतं?"

मला दोन्ही नावं येत होती. पाटीवरचंही आणि उकिरड्यावरचंही. एक शब्द उच्चारला असता तर काय झालं असतं, मला माहीत नाही. पण नाव घेतलं की हा आत येणार, आणि आत आला की आतला बाहेर जाणार. मग कमलबाईचं काय? हे लोकांना सांगण्यापुरतं कारण. खरं कारण वेगळं. आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या नावाने ओरडलो. पहिल्यांदा कोणी माझ्या तोंडच्या एका नावाची भीक मागत होता, आणि न देण्यात जी मजा होती, ती मला सोडवेना.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी कडी वाजली. आवाज अगदी लहान झाला होता.

"नाना. मी कोण?"

"पुढच्या घरी विचार," मी म्हटलं, आणि कुशीवर वळून हसलो.

पावलं वाजली नाहीत. पण भिंतीपलीकडे, कमलबाईच्या दाराची कडी वाजली. एकदाच. आणि आतून तो शांत, खालचा आवाज आला, "कोण? या ना, या. बाहेर का उभे?"

मग पाट सरकवल्याचा आवाज. ताट ठेवल्याचा. मी भिंतीला कान लावून बसलो. संध्याकाळपर्यंत काही नाही.

दुसऱ्या दिवसापासून माझी कडी वाजायची थांबली. मी दोन दिवस गाढ झोपलो. तिसऱ्या दिवशी तो पाणी घेऊन चालला होता. मला बघून थांबला, हंडा खाली ठेवला.

"नाना, तुमच्याकडून परवा एक जण आला होता."

"माझ्याकडून? नाही बा."

"बिचारा उपाशी होता. बसवलं पाटावर, जेवू घातलं." तो हसला, टीव्हीत हसायचा तसं, सगळ्यांचं भलं चिंतणारं. "घास टाकायचा तर नाव घ्यावं लागतं ना. त्याला स्वतःचं नाव येईना. तुम्ही पाठवलं म्हणाला, मग मी तुमचंच घेतलं. चाललं ना?"

मी काहीतरी बोललो असेन. बहुतेक चेष्टाच केली असेल, मला दुसरं येत नाही. उन्हात चौकापर्यंत गेलो. रिक्षापाशी भिकन उभा होता. त्याने माझ्या दिशेला तोंड करून, नेहमीसारखी, अख्ख्या बाजाराला ऐकू जाईल अशी हाक मारली, "वना नाना! ओ वना नाना!"

मी तोंड उघडलं. त्याआधीच माझ्या मागून कोणीतरी, माझ्याच आवाजात, अगदी आनंदाने ओ दिली.